कमरुद्दीनचा निळा दोर

चिंधीटोला, ता. नागभीड
१४ नोव्हेंबर २००४, ऐतवार

चि. कमरुद्दीन यास,

रुखमाबाईचा जय भीम. तुमच्या घरचा सलामही घे, दोन्ही एकाच टिकिटात जाते. जरीनाले अन् पोरीले आशीर्वाद. इथी आम्ही बरे आहो. बरे म्हणजे माझे दात चार राह्यले अन् ते एकमेकाले भेटत नाई.

आठ वर्सानं पत्र आलं म्हून घाबरू नोको. कोणी मेलं नाई. ज्याले जायचं होतं तो तवाच गेला.

अक्षर तू ओळखलं नसशील. हे हर्षाचं आहे, आपल्या श्रावणच्या पोट्टीचं. तो गेला तवा अकराची होती, आता बियस्सीच्या पहिल्या वर्साले आहे. तिची माय ऊर्जानगरले, विजेच्या कारखान्यात श्रावणच्या जागेवर लागली, कार्टरात राह्यते. पोट्टी माझ्यापाशी. मी सांगते अन् ती लिहिते. मी सांगते त्यातलं थोडं ती गाळते असा मले संशय आहे.

(गाळत नाही. सगळं लिहिते आहे, माझी इच्छा नसताना. – हर्षा)

पाह्य, भांडण सुरू झालं.

धान कापून झाला. पुंजणे अजून बांधीतच, वावरातच आहे. माझ्यानं आता वाकणं होत नाई, म्हून धुऱ्यावर बसून बाकीच्यायले वाकवते. माणसं म्हणते, डोकरी नसती तं काम लवकर झालं असतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या गिर्यारोहण मंडळाची पोट्टे चंद्रपूरवरून आली होती. चौघं होते. मोहोळकड्याखाली श्रावणच्या नावाची पाटी लावून राह्यले. डिसेंबरच्या पहिल्या ऐतवारी, म्हणजे पाच तारखेले. पाटीवर काय लिहाचं ते वाचून दाखवलं. ‘जिल्ह्यातील पहिला गिर्यारोहक, ज्याने हा कडा प्रथम सर केला.’ मी म्हटलं, बाबू, पहिला नाई होय. मध काढणारे त्या कड्यावर माझ्या आजीच्या जन्माआधीपासून लोंबकळते. त्यातला एक पोट्टा म्हणते, “आजी, ते वरून खाली येतात. श्रावणदादा खालून वर गेले.” म्हणजे उलटं काम केलं म्हून पाटी.

तुले आठवते काय, तुम्ही दोघं पयल्यांदा वर पोचले तवा मध काढणारा सुकलू वरतीच वेलाची शिडी बांधून बसला होता, मोहोळाच्या तयारीत. कारखान्याचे हे दोन खलाशी खालून डोकं काढते पाहून त्याचा धूर करायचा पलिता खाली पडला. संध्याकाळी तो माझ्या दारात आला. म्हणे, “रुखमाबाई, तुझ्या पोराले मध नाई पाहिजे, लाकूड नाई पाहिजे, मंग चढते कायले?” मी म्हटलं, दादा, हप्ताभर कारखान्याच्या चिमणीवर चढाचे पैसे भेटते, ऐतवारी फुकट चढून पाह्यते कसं वाटते.

मंडळाची पोट्टे म्हणाली, आजी, तुम्ही त्यांच्याबद्दल दोन शब्द बोला. मी काय बोलू? तो लहानपणी पडला नाई कवा. चढला अन् उतरला. त्यात सांगण्यासारखं काई होत नाई. हिमाचलच्या त्या बर्फाच्या डोंगरावरून आला तवा मी विचारलं, वर काय होतं? म्हणे, “काईच नाई, माय. नुसतं बर्फ.” मी म्हटलं, काईच नाई पाहाले इतक्या दूर कायले गेला, आपल्या घरी हंड्यात पाह्यलं असतं. तो इतका हसला की त्याच्या नाकाची जळलेली कातडी फाटली. हे सांगू काय पाटीसमोर?

रडणं येईन म्हून पोट्टे माझ्याकडे पाहून राह्यले होते. आलं नाई. आठ वर्सं झाले, बसते मी कवाकवा त्याचा फोटो घेऊन, आता येईन म्हून. मंग आंबील उतू जाते अन् उठाव लागते.

त्यायनंच सांगितलं की कमरुद्दीनभाऊले बोलावलं तं नाई म्हणाले. म्हणे, “माझं तोंड नाई तिथी जाण्याचं.” हेही सांगितलं, की तू कारखाना सोडला अन् खाली बसून खिडक्यायच्या जाळ्या जोडते. अडीचशे मीटरच्या चिमणीवर बिडी पिणारा माणूस, अन् पोरीच्या शादीत झालर बांधाले स्टुलावर चढला नाई म्हणे. जरीना चढली. ते ऐकून मी हसली. मंग हसणं थांबलं.

तर तू ये. मी बोलावते म्हून ये.

(मी आजीला नको म्हटलं होतं. तेही लिही म्हणाली म्हणून लिहिते. ज्या दोरानं बाबा गेले तो दोर तुमचा होता. जुना होता आणि तुम्ही तो तपासला नाही, असं सगळे सांगतात. तुम्ही येणार असाल तर मी त्या कार्यक्रमाला येणार नाही. जानेवारीत मी मंडळाच्या शिबिरात चढाई शिकायला जाणार आहे. तिथेही तुम्ही नसाल अशी आशा करते. – हर्षा श्रावण)

पाह्यलं? बापाची पोट्टी आहे. तोंडावर बोलते.

मले तुले अजून एक सांगाचं होतं. पण पोट्टीचा हात दुखून राह्यला.

(दुखत नाहीये. आजीच थांबली.)

रुखमाबाई
चिंधीटोला


चिंधीटोला
२१ नोव्हेंबर २००४

चि. कमरुद्दीन यास,

सलाम अन् जय भीम मागच्या पत्रातला चालवून घे.

अक्षर वेगळं दिसन. हे गुणवंतराव मास्तराचं आहे, आमच्या शाळेतून रिटायर झाले ते. परवा ते लेकाकडे अमरावतीले चालले, कायमचे, म्हून त्यायले धरलं. ऐकलेलं सोबत घेऊन जाईन अन् तिकडं त्यायच्या बोलण्याकडं सून लक्ष देत नाई. मास्तर म्हणते, “रुखमाबाई, ‘मले’ नाही, ‘मला’ लिहाचं असते.” मी म्हटलं, मास्तर, बत्तीस वर्सं गावची पोट्टे सुधारली, मले आता सोड.

हर्षा नागभीडले गेली आहे, वह्या आणाले. तिच्या हातानं हे लिहवत नाई. तिच्या हातानं मी तिलेच कसं सांगू?

कमरुद्दीन, तुले तो ऐतवार ठाव आहे. मलेही ठाव आहे. पण तुले जे ठाव नाई ते त्याच्या अडीच महिन्याआधीचं आहे. तिथून सांगते.

दिवाळी होऊन गेली होती, पंच्याण्णवची. श्रावण बर्फातून येऊन पंधरा दिवस झाले होते. नागपूरले त्याचा सत्कार झाला अन् त्यानं ऊर्जानगरवरून निरोप धाडला, “माय, शनिवारी संध्याकाळच्या बातम्यायत मले दाखवणार आहे, टीव्ही लाव.” टीव्ही त्यानंच घेऊन दिला होता, काळापांढरा. पण गावची डीपी जळून आठ दिवस झाले होते. लेक विजेच्या कारखान्यात अन् मायच्या घरी चिमणी, तेलाची. तो टीव्ही बॅटरीवर चाले, ट्रॅक्टरच्या. ती उतरली होती.

साऱ्या टोल्याले मी सांगून ठेवलं होतं. आवतण देल्यासारखं. बायका लुगडे बदलून येणार होत्या. आता बॅटरी नाई म्हणू काय?

शेजारच्या दादाजीनं सायकल काढली अन् म्हटलं, “नागभीडले चार्जिंगले नेऊन देतो, पण बांधून दे पक्की, माझं क्यारियर ढिल्लं आहे.” घरात सुतळी होती, ती कुजलेली. बैलाचा कासरा होता, तो बैलाले होता. अन् खुंटीवर तुझा निळा दोर होता, ऐतवारच्या चढाईसाठी माझ्याकडंच ठेवलेला.

श्रावणनं मले त्या दोराबद्दल किती वेळा सांगितलं होतं. “माय, त्याले पाय लावू नोको. त्याच्यावर धान वाळवू नोको. त्याले उन्हात टाकू नोको.” मी म्हणाची, दोर आहे का जावई आहे? माणसाचा जीव ज्यावर लोंबते तो दोर तं घट्टच असन, असा मी विचार केला. त्याच्यापेक्षा पक्का दोर गावात नव्हता. मी बॅटरीले चार फेरे देले अन् गाठ मारली. माझी गाठ सुटत नाई, तुले ठाव आहे.

दादाजी दुपारी वापस आला. दुकानवाल्यानं बॅटरीत आसिडाचं पाणी वरपर्यंत भरून देलं होतं, अन् रस्ता तं तू पाह्यला आहे. हिंदकळलं. दोर ओला होता, माझ्याच हातानं सोडला. हाताले चुणचुण झाली, पदराले पुसला. मंग दोर पाण्यात बुचकळला, सावलीत वाळवला, हो, सावलीत, श्रावणनं सांगितल्याप्रमाणं, अन् होता तसा गुंडाळून खुंटीले लावला.

संध्याकाळी अंगणात साठ माणूस. बातम्या सुरू झाल्या. तो दिसला. टीव्हीत तं सारंच राखडीच्या रंगाचं, पण तो होता. कोणीतरी शाल देली. मी चष्मा पुसला तवर धानाच्या भावाची बातमी लागली. बायका म्हणाल्या, “दिसला व बाई, दिसला.” मी म्हटलं, हो, दिसला.

चार दिवसानं ते लुगडं धुतलं. पदर हातात चाळणी झाला. जिथीजिथी पुसलं होतं तिथीतिथी भोकं.

आता हे नीट ऐक. मी तवाच खुंटीकडं पाह्यलं. दोर काढला. ओढून पाह्यला, दातात धरून पाह्यला, तवा दात होते. काईच नाई. निळा तं निळाच. डाग नाई, धागा निघाला नाई. लुगडं सुती, हा नायलन, याले काय होते, असं मी मनाले सांगितलं. अन् श्रावणले सांगितलं नाई. काऊन नाई? तो रागावला असता म्हून. तो रागावलाही नसता रे, हसला असता. दहा वर्सं त्यानं मले त्याच्यावरून चिडवलं असतं, “आमची माय बॅटरी घेऊन डोंगर चढते.” तेवढं चिडवणं मले नोको होतं. दुसऱ्यायची खेचाले मले आवडते, माझी कोणी खेचली तं नाई. इतकीच गोष्ट आहे.

तुमच्याकडं मशीन दुरुस्तीचं काम निघालं, दोन महिने तुम्ही आले नाई. दोर खुंटीलेच होता. मी रोज पाह्याची. मंग रोज पाहाची आठवण गेली.

फेब्रुवारीत तुम्ही आले. तुमचा नवा दोर मंडळाच्या शिबिरात गेला होता. तू म्हटलं, “माझा निळा आहे ना मायकडं, चालते.”

अंगणात बसून तू तो दोर तपासला. सारे म्हणते तू तपासला नाई. तुले स्वतःलेही आता तसंच वाटत असन, आठ वर्सं ऐकून ऐकून. तू तपासला होता, कमरुद्दीन. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोळे मिटून, बोटायमधून सरकवत, जसा आंधळा पैसे मोजते. श्रावण चहा पीत होता, म्हणे, “झालं काय मौलवीसाहेब?” तू म्हटलं, “चूप रे, अर्धा राह्यला.” मी दाराआडून पाहून राह्यली होती. आता ह्याले सापडन, आता सापडन. तुले काई सापडलं नाई. तू म्हटलं, “एकदम ठीक.” अन् माझ्या जीवावरचं ओझं उतरलं. मी तुम्हाले पोहे करून देले. श्रावणले दुसऱ्यांदा वाढले.

मंग मी बांधीत लाखोळीची भाजी खुडाले गेली. तू धुऱ्यावरून पळत आला, हातात दोराचा तुकडा, पायात एकच जोडा. तू काय बोलला ते मले आठवत नाई. ओटीतली भाजी सांडू नये म्हून मी पदर आवळून धरला होता, ते आठवते. कड्यापर्यंत मी ती भाजी घेऊनच गेली.

तुटलेलं टोक मी पाह्यलं. घासलेलं नव्हतं. कुजक्या फडक्यासारखं. तो काई मोठा पडला नव्हता, तूच सांगितलं साऱ्यायले, हातभर सरकला, दोरानं धराले पाहिजे होतं. मले तवाच समजलं. माझ्या लुगड्याचा पदर मी पाह्यला होता ना.

अन् श्रावणच्या जलदानाच्या विधीच्या दिवशी काय झालं. साऱ्या गावासमोर, भन्तेजीसमोर, तुमच्या कारखान्याच्या माणसायसमोर. तू मांडवाच्या कडेले हात जोडून उभा होता. कोणी तरी म्हटलं, दोर जुना होता म्हणे. साऱ्यायनं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, “हो. ह्याच्या जुन्या दोरानं माझा श्रावण खाल्ला.”

तू जोडलेले हात सोडले. पाणीही न पिता गेला. तू मले माय म्हणाचा.

मी भुलून नव्हती बोलली. मले ठाव होतं अन् मी बोलली. दुःखात बोलली असं समजून तू सोडून देलं असन, तं तसं समजू नोको. तवा मले दुःख झालंच नव्हतं. अजूनही कुठी बसलं आहे कोण जाणे. मले फक्त असं झालं की साऱ्यायची नजर माझ्यावरून उठावी. ती उठली अन् तुझ्यावर जाऊन बसली. अनवधानाने माझ्याकडून हा अपराध घडला व दैवाने घात केला.

आता आठ वर्सानं काऊन सांगते? मंडळ पाटी लावते म्हून नाई. पोट्टी दोर धराले शिकणार आहे. तिले लोक सांगन, दोर तपासला नाई तं माणूस मरते, तुझा बाप तसाच मेला. खोटं शिकून ती वर चढन. तपासलेला दोरही तुटते, घरातलं माणूस चूप राह्यलं तं, हे तिले कोण सांगन?

मास्तर म्हणते, चहा घेतो अन् निघतो. त्यायचे डोळे लाल झाले आहे. माझे कोरडे. मी त्यायले म्हटलं, मास्तर, तुमच्याकडं एवढं पाणी आहे तं थोडं आमच्या बांधीले सोडा.

आता एक अडचण आहे. मास्तरनं मी सांगितलं तेच लिहिलं का, हे मले कसं समजन? वाचून पाहाले कोणी तरी पाहिजे. बाहेरच्याले तं दाखवता येत नाई. घरात वाचता येणारं एकच आहे. तिची सायकल आता फाटकात वाजली.

*

(इथून पुढे अक्षर माझं आहे, बोलणं आजीचं. – हर्षा)

आजी म्हणाली, लिही.

पोट्टीले मी म्हटलं, हे कमरुद्दीनकाकाचं पत्र आहे, मास्तरनं चुका केल्या काय ते मले मोठ्यानं वाचून दाखव. ती म्हणे, “त्या माणसाचं मी काऊन वाचू?” मी म्हटलं, मले येत नाई म्हून.

तिनं वाचलं. दोरापर्यंत सरळ वाचलं. लुगड्यापाशी आवाज बारीक झाला. मंग मनात वाचाले लागली, तं मी म्हटलं, मोठ्यानं. मले ऐकू आलं पाहिजे. तिनं मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत.

मंग ती उठली. कोंबड्यायले दाणे टाकले. पाणी भरलं. दोन्ही हंडे भरलेले होते, ते सांडून पुन्हा भरले. दिवा लावला. मी जाग्यावरच होती. मारलं असतं तं बरं झालं असतं, पण आमच्या घरात डोकरीले मारत नाई.

जेवण झाल्यावर कागद घेऊन आली. एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणे, “आजी, हे तू सांगितलं होतं काय? अनवधानाने अपराध घडला, दैवाने घात केला?”

मी म्हटलं, नाई. हे मास्तरचं आहे. माणूस भला आहे.

“मंग तू काय म्हटलं होतं?”

मी म्हटलं, मी म्हटलं होतं, माझ्या हातानं झालं अन् मी तुझ्यावर टाकलं.

तिनं मास्तरची ओळ खोडली. इतकी खोडली की कागद फाटतो का वाटलं. वर आपल्या अक्षरात लिहिलं अन् मले वाचून दाखवलं. बरोबर आहे. तेवढं खोडलेलं दिसन तुले, त्याच्यावरचं वाच.

आता तिले तिचं लिहाचं आहे म्हणे.

कमरुद्दीनकाका,
मागच्या पत्रात मी लिहिलेलं मी मागे घेते. तुम्ही दोर तपासला होता.
आजीशी मी आज या पत्रापुरतंच बोलले. उद्या तेवढंही बोलेन असं वाटत नाही. ती सांगते ते लिहिते, तेवढंच.
पाच तारखेला चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनाहून सकाळची गाडी नागभीडला येते. मी स्टेशनवर असेन. पाटीसमोर आजीला दोन शब्द बोलायचे आहेत, ती हेच बोलणार आहे, सगळ्यांसमोर, असं म्हणते. ती बोलेल तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं. नाही आलात तर मी हे पत्र तिथे वाचून दाखवीन. दोन्हीपैकी एक होईल.
दोर कसा तपासतात, डोळे मिटून, ते मला तुमच्याकडून शिकायचं आहे.
हर्षा

तिनं काय लिहिलं ते मले वाचून दाखवलं नाई. मी विचारलंही नाई.

शेवटी पोट्टी विचारते, “खाली काय लिहू? तुझी माय असं लिहू काय?” मी म्हटलं, ते आता त्याच्याकडं आहे, म्हणाचं का नाई. माझ्याकडून नुसतं नाव टाक.

रुखमा